खरं बोलण्यावरचं औषध

आम्ही जावा बेटावरच्या सोलो शहराची माणसं तोंडावर कुणाला नाही म्हणत नाही, डॉक्टरला तर नाहीच. मेंदूविकारांच्या दवाखान्यात मी अठ्ठावीस वर्षं नर्स आहे. ‘औषधानं बरं वाटत नाही’ असं म्हणणारा पेशंट मला भेटलेला नाही. सगळे बरेच होत असतात, मरेपर्यंत.

अपवाद एकच, पाक विर्यो. (आमच्यात मोठ्या पुरुषाला आदरानं ‘पाक’ म्हणतात, बाईला ‘बू’.) हे निवृत्त मास्तर. उभ्या जन्मात कुणाला दुखावलं नाही, पण आता मेंदूचा पुढचा भाग झिजत चाललाय आणि भीडभाड सुटलीय. परवा एका लग्नात यजमानीणबाईंना म्हणाले, “रस्सा पाणचट आणि जावई आगाऊ.” बायको, बू सुमिरा, तेव्हापासून तोंड लपवून फिरते. तीही आमचीच पेशंट, तिला फिट येतात.

“काय बू, गोळ्या लागू पडतायत ना?” डॉक्टर हांडोकोंनी विचारलं.

“हो डॉक्टर, तुमच्या कृपेनं खूप बरंय.”

“खोटं बोलतेय!” पाक विर्यो कडाडले. “आठवड्यात तीनदा पडली. काल तर उकळत्या कढईशेजारी. कुचकामी आहेत हो तुमच्या गोळ्या. आणि तिच्याकडे बघा की जरा, कागदात काय बघताय?”

“अहो, गप्प बसा ना!” बू सुमिरा लाजेनं अर्धी झाली. “माफ करा डॉक्टर, यांचं डोकं हल्ली...”

“कळतं मला,” डॉक्टर मोठ्या मनानं हसले. आजार वाढलाय अशी नोंद करून त्यांनी पाक विर्योंना शांत करणारी गोळी लिहिली. बू सुमिराच्या गोळ्या आहेत तशाच ठेवल्या. लागू पडत होत्या ना!

तिच्या कोपरावरचा काळानिळा डाग मी पाहिला होता. बोलले नाही. त्याची लाज अजून वाटते.

महिन्यानं दोघं पुन्हा आले. बू सुमिराचा उजवा हात मनगटापासून खांद्यापर्यंत बँडेजमध्ये.

“काही नाही डॉक्टर, माझाच वेंधळेपणा. तेल सांडलं.”

डॉक्टर नवऱ्याकडे वळले. “तुम्ही सांगा पाक, फिट येते का हो यांना?”

पाक विर्योंनी बायकोच्या हाताकडे पाहिलं. ओठ हलले. मग सावकाश मान लववून म्हणाले, “छे छे, डॉक्टर. अगदी छान आहे ती.”

“बघितलंस नार्ती?” डॉक्टर माझ्याकडे वळले. “काय गुण आलाय औषधाचा!”

माझा मेंदू ठणठणीत आहे. मी “हो, डॉक्टर” म्हटलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.