सोळाशे वाजताची गाडी

सोनाळ्यात आमच्या आळीत चौथी पास मी एकटाच. सगळ्यांची पत्रं वाचायचं काम माझ्याकडे, अन् त्याचा मला ताठाही होता. पासष्ट साली लढाई पेटली तेव्हा माझ्या पुतण्याचं, निवृत्तीचं, कामठीच्या छावणीतून कार्ड आलं. "सोमवारी आमची फौजी गाडी शेगावावरून जाईन. १६०० वाजता दहा मिनिटं थांबन. आईले घेऊन या, काका."

घड्याळात बाराच्या वर आकडा नाही, मग हे सोळाशे कुठले? पोस्टमास्तरला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मी पडलो उंटावरचा शहाणा. आकड्यातला पहिला एक फौजेची काहीतरी खूण असेल, असं ठरवून तो सोडून दिला. उरले सहाशे, म्हणजे सहा.

"संध्याकाळी सहाले, वहिनी," मी ऐटीत सांगितलं.

जनकावहिनीने दोन वर्षं लेकाचं तोंड पाहिलं नव्हतं. कळण्याच्या भाकरी अन् ठेचा फडक्यात बांधून ती माझ्याबरोबर शेगाव स्टेशनात आली, तेव्हा पाच वाजले होते. मी कार्ड दाखवून स्टेशनमास्तरला गाडीचं विचारलं.

"ती चारलाच गेली. फौजेचं घड्याळ चोवीस तासांचं असतं हो. सोळातून बारा वजा करायचे."

वहिनीने ऐकलं. तरी सहा वाजेपर्यंत बाकावरून उठली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवड्याने निवृत्तीचं पत्र आलं. तेही मलाच वाचावं लागलं. "आई, म्या पुरा फलाट पालथा घातला. तू काऊन नाई आली?"

"वहिनी, खरं लिहून टाकतो. चूक माही हाये."

"नका लिहू, भाऊजी. लढाईत हाये थो. काकावरचा राग कायले संगं घेऊन फिरन? मोटर बंद पडली म्हना."

मी तसं लिहिलं. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं, हे सोसवेना.

मग तार आली. ती मात्र मी पोस्टमास्तरकडूनच वाचून घेतली. निवृत्ती गेला होता.

महिन्याने निवृत्तीला धाडलेलं आमचं पाकीट परत आलं, न फोडलेलं. मी ते फाडून टाकायला घेतलं. वहिनीने माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, भाऊजी. त्याच्या नावाचं हाये."