बारशाचं बोलावणं

प्रतिक्षानं दुपट्यासकट बाळ छातीशी उचललं, तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. आजी, कृष्णाबाई, नदीवर धुणं घेऊन गेली होती. बाळ वाटलं होतं त्याहून जड निघालं. मान लटकू नये म्हणून तिनं हनुवटीचा आधार दिला आणि मागच्या दारानं अंगणात उतरली.

पेणहून रोह्याला आजोळी आल्यापासून तिचं कशातच मन लागत नव्हतं. बाबा कंपनीतल्या शिफ्टमुळे तिकडेच राहिले होते. इथं सारखं ‘हळू बोल’, ‘हात लावू नको’, ‘आईला निजू दे’. ती ओटीवरून अंगणात, अंगणातून परत ओटीवर नुसती फिरत राहायची. परवा शेजारच्या विमलबाईनं थट्टेत विचारलं होतं, “नेऊ का गो बाळाला माझ्या घरी?” सगळ्या हसल्या होत्या. प्रतिक्षा हसली नव्हती.

विमलबाई आपल्या पडवीत तांदूळ पाखडत होती. तिच्या घरात लग्नाला इतकी वर्षं होऊनही मूल नव्हतं.

“घे मावशी,” प्रतिक्षा म्हणाली. “नेते म्हणालीस, पण आलीच नाय.”

सूप बाजूला कलंडलं. विमलबाईनं धडपडत बाळ घेतलं. ती रागावली नाही. बाळाच्या मुठीत स्वतःचं बोट देऊन बघत राहिली. जरा वेळानं बाळ तिचा पदर चोखू लागलं आणि मग रडू लागलं.

“तिला भूक लागलीय,” प्रतिक्षा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत म्हणाली. “तुझ्याकडं दूध हाय?”

“नाय गो.”

“मग चल ना. आईकडं चल लवकर.”

घरच्या अंगणात आई भिंतीला धरून उभी होती. “प्रतिक्षाऽ! गो प्रतिक्षाऽ!” अशी ओरडत होती. बाळाला अजून नावच नव्हतं.

धुण्याची बादली खाली आपटून कृष्णाबाईनं विचारलं, “कोणी नेली पोर?”

प्रतिक्षा आईच्या मागं सरकली. विमलबाईनं तिच्याकडे एकदा पाहिलं.

“मीच नेली, काकी. रडत होती म्हणून.”

कृष्णाबाईनं बाळ तिच्या हातातून ओढून घेतलं. संध्याकाळी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. “जिची कूस रिकामी, तिची नजर वाईट,” असं ती आईला म्हणाली आणि मागच्या दाराला कडी घातली.

बारशाला आळीतल्या बाया जमल्या. घुगऱ्यांचा वास घरभर पसरला. प्रत्येक बाई आत आली की प्रतिक्षा तिच्या मागं कोणी आहे का बघे.

“ये गो, ताय झालीस ना? दोरी धर पाळण्याची,” कोणीतरी म्हणालं.

तिनं दोरी धरली, एक झोका दिला आणि सोडून दिली. बायांच्या लुगड्यांमधून वाट काढत ती बाहेर पडली.

विमलबाई रोजच्याच लुगड्यात आपल्या मोरीपाशी भांडी घासत होती.

“चल मावशी.”

“आजीनं बोलावलंय?”

“नाय.”

“मग नको गो. रागवंल ती.”

“मी सांगते तिला, मीच नेलेली.” मग कालपासून आजी दारोदार जाऊन म्हणत होती तशीच, मान जरा पुढं करून प्रतिक्षा म्हणाली, “माझ्या बहिणीचं बारसं हाय. नक्की यायचं.”

विमलबाईनं पदराला हात पुसले. कोरडे झाले तरी पुसत राहिली.