दर दीड मिनिटाला एक बाद

पैज अशी लागली की हरेल त्याने रविवारी सकाळी दहाला, बाजार भरलेला असताना, बेकरीवाल्याच्या धाकटीच्या तीनचाकी सायकलवर बसून चौकाला तीन चकरा मारायच्या. डोक्यावर हेल्मेट. प्रत्येक चकरेला घड्याळाच्या दुकानासमोर थांबायचं आणि जिंकणाऱ्याचं म्हणणंच बरोबर होतं असं भाजीवाल्यांपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायचं. सायकल गुलाबी आहे. हँडलला झिरमिळ्या आहेत. ही सगळी कल्पना माझीच, कारण आपण हरू असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

मी चाव्या बनवतो. चौकात माझा एक गाळा, मध्ये प्लायवुड, आणि पलीकडे घड्याळं दुरुस्त करणारे काका. काका माझ्याहून फक्त सहा वर्षांनी मोठे. मी काका म्हटलेलं त्यांना आवडत नाही, म्हणून मी म्हणतो. अकरा वर्षं आम्ही दोघं गाड्यांच्या शर्यती बघतोय. टीव्ही त्यांचा, आणि तो बघायला प्लायवुडला पाडलेलं भोक माझं.

आमच्या दोन्ही गाळ्यांच्या वरच्या मजल्यावर राहते सायरन. आठवडाभर रुग्णवाहिका चालवते, म्हणून हे नाव. पण सुट्टीच्या दिवशी ती शहराबाहेरच्या ट्रॅकवर क्लबच्या शर्यतीत छोटी गाडी पळवते. गाडी तिची नाही, समोरच्या गॅरेजवाल्या शेठची. या मोसमात शेठला जावई मिळाला, आणि जावयाला अचानक वेगाची आवड लागली. तेव्हा शेठने सांगून टाकलं, "शनिवारच्या पात्रता फेरीत पहिल्या आठांत आलीस तर पुढच्या मोसमात गाडी तुझी. नाही आलीस तर जावयाची. शर्यतीत नशीब असतं. खरा वेग पात्रता फेरीतच कळतो."

नेमका त्याच आठवड्यात क्लबने पात्रता फेरीचा नियम बदलला.

पूर्वी कसं होतं, सोळा गाड्या, वीस मिनिटं. कितीही चकरा मारा, तुमची सगळ्यात वेगवान चक्कर धरणार आणि त्यावरून शर्यतीत कोण कुठून सुटणार ते ठरणार. आता पहिली पाच मिनिटं मोकळी. त्यानंतर दर दीड मिनिटाला एक घंटा, आणि घंटा होईल त्या क्षणी यादीत जो तळाला असेल तो बाद. तो गेला की पुन्हा दीड मिनिट, पुन्हा घंटा, पुन्हा एक बाद.

"याला शर्यत म्हणतात?" काका भोकातून म्हणाले. डोळ्याला भिंग तसंच होतं. "ही संगीत खुर्ची झाली."

"मजा आहे की मग. पूर्वी पंधरा मिनिटं सगळे आत बसून टायर पुसत असायचे. मला तर डुलकी लागायची."

"वेग मोजायचा तर निवांत मोजावा. माणसाला आधी रुळू द्यावं. मानगुटीवर बसून कोणी चांगलं काम करतं का?"

"आपली सायरन करते. रोज करते. मागे पेशंट तळमळतोय, पुढे ट्रकवाला बाजूला होत नाही. तिला दीड मिनिट म्हणजे ऐसपैस. बघा, या नियमात ती पहिल्या आठांत येते."

"नाही येत. जुन्या नियमात आली असती. या गोंधळात नाही."

"लावता?"

काकांनी भिंग काढलं. ते भिंग काढतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं. तेव्हा मी गुलाबी सायकलची गोष्ट काढली.

सायरन पाण्याची बाटली भरायला खाली आली होती, तिने सगळं ऐकलं. "म्हणजे मी हरावं अशी काकांची इच्छा आहे तर."

"तू हरावंस असं कोण म्हणतंय, बाळा," काका म्हणाले. "नियम हरावा."

"बरं. शनिवारी दोघंही या. बोर्ड धरायला माणूस हवाच आहे, आणि वेळ बघायलाही."

बोर्डाची गोष्ट नीट सांगतो, कारण पुढे सगळं त्यावर आहे. गाडीतल्या माणसाला आपण यादीत कितवे हे कळत नाही. म्हणून प्रत्येक चक्कर संपताना भिंतीपाशी उभा असलेला आपला माणूस त्याला पाटी दाखवतो. आमचं ठरलं असं: सायरन तळाला असेल तर मी लाल पाटी उंच धरायची, म्हणजे पुढची चक्कर जीव खाऊन मारायची. पाटी दिसली नाही तर सगळं ठीक, तिने गाडी हळू घ्यायची. टायर जुने होते, दोन चकरा जोरात मारल्या की तापायचे आणि घसरायला लागायचे. त्यांना अधूनमधून थंड होऊ देणं भाग होतं. काका स्टॉपवॉच आणि वेळांचा पडदा बघणार, मला सांगणार, मी पाटी उचलणार. सोपं काम. घरी मी खुर्चीवर उभं राहून सरावही केला. बायको म्हणाली, "अहो, पंख्याला हात लागेल."

शनिवारी सकाळपासून माझं बूड एका जागी टेकत नव्हतं. कुंपणापर्यंत जायचो, परत यायचो. कुणाच्या हेल्मेटमध्ये टोमॅटो ठेवावा असंसुद्धा सुचलं नाही, यावरून समजा. जावई तिथेच होता, नवीन कोऱ्या हातमोज्यांत. सारखी बोटं हलवून बघत होता.

फेरी सुरू झाली. पाच मिनिटांत सायरनने एक मिनिट आठ सेकंदांची चक्कर मारली. सहावी. पहिली घंटा झाली, एक गेला. दुसरी, तिसरी. दोनदा ती घसरत तळाला आली, दोनदा मी पाटी वर केली, दोनदा ती वर सरकली. मी काकांकडे बघून भुवया उडवत होतो. ते पडद्यावरून नजर हलवत नव्हते.

मग सातवी घंटा. त्या वेळी तळाला सात नंबरची गाडी होती. तिचा ड्रायव्हर झकास चक्कर मारत येत होता, पण त्याने रेघ ओलांडली ती घंटेनंतर अर्ध्या सेकंदाने. बाद.

"हा अन्याय आहे," काका म्हणाले.

"अन्याय कसला? घंटा झाली."

"चक्कर घंटेआधी सुरू केली होती ना त्याने? सुरू केलेली चक्कर पुरी करू द्यायला नको? जुन्या नियमात देत होते."

"मग घंटा हवी कशाला? मग तोरण लावा तिथे."

"तू प्रत्येक गोष्टीची चेष्टा करतोस. न्हावी अर्धी दाढी झाल्यावर म्हणतो का, वेळ संपली, उठा?"

"काका, दाढी आणि शर्यत यात फरक आहे."

"काय फरक? सांग, काय फरक?"

आणि मी सांगायला लागलो. मला एकदा मुद्दा सापडला की मी सोडत नाही. काकाही माझ्याकडे वळले, पडद्याकडे पाठ करून, बोट माझ्या छातीवर. कानामागून एक गाडी सूं करून गेली. त्या आवाजाने माझं वाक्य तुटलं म्हणून मी ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

नंतर आम्ही पडद्याकडे बघितलं. उरलेल्या नवांत सायरन नववी होती. पाटी माझ्या गुडघ्याला टेकलेली, लाल बाजू आत. ट्रॅकच्या पलीकडच्या वळणावर आमची गाडी टायर थंड करत, बागेत फिरायला निघाल्यासारखी चालली होती. घड्याळात एकवीस सेकंद उरले होते.

मी पाटी उचलली. कुणासाठी, कोण जाणे. मग घंटा झाली.

ती आत आली, हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटलेले. "काय झालं? मी ठीक होते ना?"

आता इथे मी खरं बोलायला हवं होतं. आयुष्यभर लोकांना टोप्या घातल्या, पण हसण्यासाठी. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची कातडी वाचवायला खोटं बोललो. "ठीकच होतीस. तू इथून गेलीस आणि मागून कुणीतरी वर सरकलं. आम्हाला दाखवायला वेळच मिळाला नाही."

तिने काकांकडे बघितलं. काकांनी मान हलवली. कशी हलवली ते त्यांनाही सांगता येणार नाही.

दुपारच्या शर्यतीत ती नवव्या जागेवरून सुटली आणि अकरावी आली. परतताना गाडीत काका मांडीवरच्या स्टॉपवॉचचं बटण उगाच दाबत होते. सुरू, बंद, सुरू, बंद. मी म्हटलं, बंद करा ते. त्यांनी केलं, आणि मग शांतता आणखी वाईट वाटली.

संध्याकाळी मी दुकान उघडलं. गिऱ्हाईक नव्हतं. एकाच चावीचे तीन नमुने कापले, तिन्ही चुकले. बायको जिन्यावरून बघत होती. "कुणाची खोडी काढलीत आज?"

"कुणाची नाही."

"मग खरंच काहीतरी झालंय."

तेवढ्यात सायरन रात्रपाळीला निघाली. माझ्यापाशी थांबली. "दादा, एक ठरवलंय. उद्या शेठना सांगते, गाडी जावयालाच द्या आणि मला पुढे विचारूही नका. पाटी दिसली नाही म्हणून मी निवांत झाले. माझं मलाच कळायला हवं होतं की मागून कुणी येईल. ते कळायचं बंद झालं की माणसाने थांबावं. रुग्णवाहिकेतही मग असंच होईल एखाद्या दिवशी."

मी कापलेल्या चाव्या खणात टाकल्या. प्लायवुडच्या पलीकडे काकांच्या चिमट्याचा आवाज थांबला होता.

रविवारी दहाला मी सायकलवर बसलो. गुडघे कानापाशी, हेल्मेट काकांच्या पुतण्याचं, एक माप लहान. बाजार गच्च होता. बेकरीवाला पाव द्यायचे सोडून बाहेर आला. मासेवाली म्हणाली, "आज याला कुणी बसवलं रे?" पहिली चक्कर मारली, घड्याळाच्या दुकानासमोर थांबलो आणि ओरडलो, "नवा नियम भिकार आहे, काकांचं बरोबर होतं." लोक हसले. काका दारात उभे होते. ते हसले नाहीत.

दुसऱ्या चकरेला मला सायरन दिसली, ड्यूटीच्या कपड्यांतच, गॅरेजच्या दारात. शेठ चहा पीत होते, बाजूला जावई. ती काहीतरी बोलत होती आणि शेठ मान डोलावत होते. मी घड्याळाच्या दुकानाकडे वळायचं सोडलं आणि सरळ गॅरेजकडे पायडल मारत सुटलो. तीनचाकीवर सरळ सुटणं म्हणजे काय, विचारू नका. फार हळू होतं ते.

"नियम चांगला होता," मी तिथे पोचून ओरडलो. "ही आठांत आली असती. हिला पाटी आम्ही दाखवलीच नाही. आम्ही दोघं भांडत होतो. ती समोरून गेली तेव्हा तळाला होती आणि पाटी माझ्या गुडघ्याला होती. मग मी तिला खोटं सांगितलं."

अख्खा चौक खो खो हसला.

"काय पण सोंग काढलंय," बेकरीवाला म्हणाला. शेठनेही चहाचा कप सावरला. जावयाने टाळी वाजवली. तीस वर्षं ज्या माणसाने लोकांच्या कुलपांत मेण भरलं, त्याने खरं सांगितलं तर कोण ऐकणार. मी सायरनकडे बघितलं. तीही थकलेलं हसली. "दादा, राहू दे. माझी समजूत घालायची गरज नाही."

"अगं खरं सांगतोय."

"उतर खाली, पडशील."

तेव्हा काका रस्ता ओलांडून आले. भिंग डोळ्यालाच राहिलं होतं, त्यामुळे एक डोळा बशीएवढा दिसत होता. पण या माणसाने जन्मात विनोद केलेला नाही, हे चौकाला माहीत आहे. हसणं हळूहळू विझलं.

"खरं आहे ते," काका म्हणाले. "वेळ बघायचं काम माझं होतं. मी पडद्याकडे पाठ केली होती."

सायरन त्यांच्याकडे वळली. "मी रेघ ओलांडली तेव्हा घंटेला किती बाकी होते?"

"मी नंतर क्लबच्या कागदावर बघितलं. एक्क्याऐंशी सेकंद."

"माझी चक्कर अडुसष्टची आहे."

"हो."

तिने आम्हाला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हातातला नॅपकिन तिने एकदा पिळला, कोरडाच होता, आणि शेठकडे वळली. "मी आत्ता म्हणाले ते धरू नका."

"पण नववी ती नववी," शेठ म्हणाले.

"नववी हे दोघं आले. मी नाही."

शेठने कप खाली ठेवला. जावयाकडे बघितलं, जावयाने हातमोज्यांकडे. "बरं. पुढच्या शनिवारी दोघांना ट्रॅकवर नेतो. तीच गाडी, एकामागून एक. वेगवान ठरेल त्याची गाडी. आता बोला, जुना नियम लावायचा की नवा?"

झालं. बेकरीवाला म्हणाला, जुनाच, वीस मिनिटं द्या. मासेवाली म्हणाली, मग आधी कोण जाणार, दुसऱ्याला तापलेली गाडी मिळणार. जावई म्हणाला, मला तीन चकरा सरावाच्या हव्यात. काकांनी भिंग काढलं आणि सुरू केलेली चक्कर पुरी करू देण्याचा मुद्दा मांडला. माझे ओठ शिवशिवले, पण मी ते दातांखाली धरले.

"एकच चक्कर," सायरन म्हणाली, आणि बाकीचे गप्प झाले. "दोघांना एकेक. सराव नाही, घंटा नाही. आणि भिंतीपाशी कुणीही उभं राहायचं नाही."

"चालेल," शेठ म्हणाले.

मी सायकलवरून उतरायला एक पाय काढला.

"दादा," ती म्हणाली, "दोनच झाल्यात."

"अगं पण पडद्याकडे पाठ तर काकांनीही केली होती..."

"काकांचं मी बघते. तू मार."

मी पाय परत पायडलवर ठेवला. चौकाने वाट करून दिली. झिरमिळ्या हलवत, गुडघे कानाला लावत मी तिसरी चक्कर मारली, आणि या वेळी कुणीच हसत नव्हतं, कारण सगळ्यांचं लक्ष काकांकडे होतं. सायरनने त्यांना बेकरीच्या पायरीवर उभं केलं होतं. मी समोरून जाईपर्यंत पाटीसारखा दोन्ही हातांनी उंच धरायला तिने त्यांच्याकडे पावाचा रिकामा ट्रे दिला होता. त्यांनी तो धरला होता. एकदाही त्यांनी तो खाली येऊ दिला नाही.