बदामाची जाड राणी

अपुऱ्या हातावर आशा ठेवणे हा दोष नव्हे. माणसाचे बहुतेक आयुष्य त्याच आशेवर चालते. परंतु पुढे येणारे पान ज्याला आधीच ठाऊक आहे, त्याने आपल्या ज्ञानाला आशा म्हणू नये; आणि डावावर सख्ख्या भावाचे जाणे-राहणे लागले असेल, तर मुळीच म्हणू नये.

रविवारची दुपार होती. पुस्तकबांधणीच्या कारखान्यातील कापणीयंत्र झाकलेले होते, आणि ज्या लांब मेजावर एरवी पुस्तके शिवली जात, तेथे दोघे भाऊ समोरासमोर बसले होते. मधली बहीण पत्ते वाटीत होती. धाकट्याला, ज्याला घरात सगळे शेंडेफळच म्हणत, दूरच्या ग्रंथालयात जीर्ण ग्रंथ दुरुस्त करण्याचे काम मिळाले होते. वडिलांमागे त्याला लहानाचे मोठे करणाऱ्या थोरल्याच्या गळी ते उतरत नव्हते. शब्दाने शब्द वाढत गेला, तेव्हा बहीणच वैतागून म्हणाली, "बाबा असते तर पोकरवर सोडलं असतं. बसा आता!" घरातला हट्टाचा तंटा वडिलांच्या त्या जुन्या पत्त्यांवरच मिटे. पैशांऐवजी बटणे लावायची आणि ज्याच्यापुढची बटणे संपतील, त्याने दुसऱ्याचे मुकाट्याने ऐकायचे, असा नेम होता.

मेजावर दोघांच्या सामाईक अशी चार पाने उघडी होती : बदामाचा एक्का, बदामाची सत्ती, इस्पिकचा राजा आणि किलवरची चौकी. पाचवे यायचे होते. थोरल्याच्या हाती बदामाची नव्वी आणि छक्की. चार बदाम जमले होते. पाचवा आला तर एकाच रंगाची पाच पाने, म्हणजे फ्लश, न आला तर हातात काहीच नाही.

धाकट्याने सगळी बटणे पुढे लोटली. "दादा, राजाची जोडी आहे माझ्याकडे, उघड सांगतो. बघ, झेपतंय का."

"तुझा जन्म नव्हता तेव्हापासून खेळतोय मी."

"आणि तेव्हापासून बदामच धरून बसलायस," बहीण म्हणाली.

थोरल्याने मनाशी ताडून पाहिले. असा हात पाच वेळा खेळला, तर जेमतेम एकदा साधतो. शहाण्याने पाने टाकावीत आणि उरलेल्या बटणांवर पुढचा डाव पाहावा. तो पाने टाकणार, इतक्यात त्याची नजर गड्डीच्या कडेवर गेली. सर्वांत वरचे पान केसभर जाड होते.

बदामाची राणी! मागच्याच आठवड्यात ती फाटलेली पाहून त्याने तिच्या दोन थरांमध्ये पातळ कागद घालून, खळ लावून, ती दाबयंत्रात ठेवली होती. इतके किरकोळ काम त्याने कोणाला सांगितलेही नव्हते. धाकट्याचा डोळाही पुस्तके बांधणाऱ्याचाच. पण तो डोळा या घटकेला गड्डीवर नव्हता, दादाच्या चेहऱ्यावर खिळला होता.

"खेळतो," थोरला म्हणाला, आणि त्याने आपली सगळी बटणे सरकवली. आवाज आपला नसल्यासारखा त्यालाच वाटला.

बहिणीची बोटे गड्डीवर टेकली. धाकट्याने ओठ घट्ट मिटले. लहानपणी ताप चढला की तो असाच ओठ मिटून थोरल्याचा हात धरून पडे.

"थांब!" थोरला ओरडला. "पीस ती पानं पुन्हा."

"आता? आपला नेम नाही तसा."

"वरची बदामाची राणी आहे. मी चिकटवलीय. कडेवरून ओळखली."

मग धाकटा हळूच म्हणाला, "मग बटणं मागे घे, दादा."

"टाकली ती टाकली. पीस गं तू."

बहिणीने पाने पिसली, कडा दिसू नयेत म्हणून दोन्ही तळहातांनी झाकली, आणि डोळे मिटून एक पान उलटले.

चौकटची तिरी. थोरल्यापुढे एकही बटण उरले नाही.

धाकट्याने ढिगाला हात लावला नाही. "गप्प राहिला असतास, तर थांबलो असतो रे मी."

"थांबला असतास. मला मात्र तुझ्याकडे बघता आलं नसतं."

"ती जाडी राणी घेऊन जा रे शेंडेफळा," बहीण डोळे पुसत म्हणाली, "नाहीतर हा पुन्हा तिच्यावर डोळा ठेवील."

थोरल्याने खुंटीवरची वडिलांची पुस्तके शिवायची दाभण काढून धाकट्याच्या मुठीत ठेवली आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली.

जाणाऱ्याची वाट निर्विघ्न असो. राहणाऱ्याचे मन निर्मळ राहो. आणि दोघांच्या हातून विसविशीत झालेली पाने पुन्हा सांधली जावोत.