ऐकूनही गप्प राहिलेला डबा

मित्रांनो, मला पट्ट्या नाहीत आणि स्पीकरही नाही, तरी मी एक जुनं वाद्य आहे. दिसायला पत्र्याचा चपटा डबा. व्हायोलिन, बासरी, घंटा असे दीडशे आवाज माझ्या पोटात आहेत, पण आपणहून मला एकही काढता येत नाही. कीबोर्डपासून माझ्यापर्यंत पाच पिनांची वायर येते. तिच्यातून सूर येत नाहीत, निरोप येतात. अमुक पट्टी दाबली, इतक्या जोरात दाबली, आता सोडली. या निरोपांच्या भाषेला मिडी म्हणतात. प्रत्येक निरोपावर एक ते सोळापैकी एका चॅनेलचा आकडा असतो. आपल्या आकड्याचा नसलेला निरोप ऐकायचा आणि सोडून द्यायचा, अशी माझी घडण आहे.

मला दोघा भावांनी आणलं. थोरल्याच्या कीबोर्डला नुसत्या पट्ट्या होत्या, आवाज सगळा माझा, बाहेरून जोडलेल्या स्पीकरमधून. माझी बटणं धाकटा सांभाळायचा. चॅनेल एक ठरलेलं. आम्ही नाटकांना साथ करायचो. थोरल्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणायच्या, "तुम्हा दोघांपेक्षा हा डबा शहाणा. सांगितल्याशिवाय तोंड उघडत नाही."

एकदा धाकटा मला परस्पर एका रेकॉर्डिंगला घेऊन गेला. तिथल्या माणसाने माझं चॅनेल सात केलं. काम लांबलं आणि नाटकाची वेळ टळली. तिकडे थोरला भरल्या थिएटरात मुक्या पट्ट्यांपुढे बसून राहिला. भावांचं बोलणं तुटलं. सहा वर्षं मी धाकट्याच्या कपाटावर पडून होतो. धुळीखेरीज कोणी अंगाला लागलं नाही.

शेवटी वहिनींनी दोघांचे कान उपटले. एका रविवारी थोरला कीबोर्ड काखोटीला मारून वहिनींबरोबर आला. चहा झाला. कोणी जुनं काढलं नाही.

"वाजव ना दादा, ते शेवटच्या अंकातलं," असं म्हणत धाकट्याने वायर जोडली.

थोरल्याने वाजवलं. मित्रांनो, एकूण एक निरोप माझ्यापर्यंत पोचला. बोटं किती हळुवार पडत होती, तेही मला कळलं. पण सगळे निरोप एक नंबरचे, आणि मी सातवर. मी गप्प राहिलो.

"बिघडवलास ना," थोरला म्हणाला.

"नाही रे, थांब, वायर बघतो."

"तेव्हा चार लोकांत गप्प बसवलंस, आज घरी बोलावून."

"दादा, ऐक तरी."

"ठेव तुझा डबा."

त्याने वायर उपसली आणि कीबोर्ड उचलला. वहिनी त्याच्यामागे जिना उतरल्या.

संध्याकाळी माझी बटणं दाबता दाबता धाकट्याला सातचा आकडा दिसला. कपाळाला हात लावून त्याने फोन केला. "दादा, डबा धड आहे. चॅनेल चुकलं होतं. माझंच बघायचं राहिलं."

पलीकडून नुसतं "बरं."

आता मी एकवर आहे. दर रविवारी धाकटा मला चालू करतो आणि टेबलावर कीबोर्डाएवढी जागा पुसून ठेवतो. वायरचं दुसरं टोक तिथे मोकळं पडलेलं असतं.

मित्रांनो, कोणी गप्प राहिलं तर त्याला लगेच मोडका ठरवू नका. त्याला कळेल अशी हाक आपण मारली का, ते आधी बघा. त्या रविवारी आमच्या घरात तेवढं बघायला एक बटण दाबण्याएवढाच वेळ लागला असता.