चौथ्या मुलाखतीचा कोट

मुलाखतीला निघालेल्या बायका आधी माझ्या मशीनपाशी येतात. चाळीस वर्षं कपडे शिवतेय. शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण खांदे बघून सांगते, ही बाई खुर्चीत बसल्यावर कुठे अडकणार. बटण ताणलं, की समोरचा बटणाकडे बघतो, बाई काय बोलते ते त्याच्या कानात शिरत नाही. खिसे तर मी शिवून बंदच करते; घाबरलं की हात तिकडेच पळतात. रंग असा हवा, की तुम्ही उठून गेल्यावर तो कुणाला आठवू नये.

माझ्याच सुनेनं मात्र तीनदा माझं नाक कापलं. ती रक्त-लघवी तपासायचं शिकलेली, लग्नाआधी प्रयोगशाळेत कामाला होती. मग दोन पोरं झाली, बारा वर्षं घरात गेली. आता लेकाच्या कारखान्याला कुलूप लागलंय. तो खिडकीपाशी बसून रस्ता राखतो आणि घर अडलंय हिच्या नोकरीवर. पहिल्या मुलाखतीला ही फुलाफुलांचा शर्ट घालून गेली. मी म्हटलं, नोकरी मागायला चाललीस की बागेत? दुसऱ्या खेपेला पायात चपला. तिसऱ्या खेपेला अंगभर काळं, जणू मयताला निघाली. तिन्ही वेळा नकार आला आणि तिन्ही वेळा मी तिला ऐकवलं, की कपड्यांनी घात केला. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज लिहायला बसायची.

चौथ्या वेळी मी म्हटलं, आता तू कशाला हात लावू नकोस. राखाडी कापड आणलं. कच्चे टाके घालून तीनदा कोट तिच्या अंगावर चढवून बघितला. खांदे असे बसले, की लेकानंसुद्धा खिडकीतून मान वळवली. असा कोट मी कुठल्याच गिऱ्हाइकाला दिलेला नाही.

मुलाखतीच्या दिवशी दुपारी ती परत आली. पाणी प्यायली आणि कोट न काढताच माझ्यासमोर स्टुलावर बसली. टेबलामागे एक बाई आणि दोन पुरुष होते म्हणे. बाईनं आधी कोटाचंच कौतुक केलं, कुठून घेतला विचारलं. सासूनं शिवलाय म्हटल्यावर तिघंही हसले, चांगलं हसले. मग त्यांनी यंत्रांची नावं घेतली. त्यातलं एकही हिनं पाहिलेलं नव्हतं. ही जे हातानं करायची, ते आता बटण दाबून होतं. बारा वर्षं काय केलं, विचारलं. घर सांभाळलं म्हटल्यावर एकानं तिचा कागद मिटून बाजूला ठेवला. बाहेर बसलेल्या मुली तिच्या निम्म्या वयाच्या होत्या. ती बाई दारापर्यंत सोडायला आली, तेव्हाही कोटाला हात लावून गेली.

मी कोट खांद्यापासून खालपर्यंत पुन्हा नजरेनं तपासला.

"आई, या वेळी कपड्यांत काही चुकलं नव्हतं ना?"

"नाही."

"मग आता काय सांगाल?"

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी उलट दोन हाणले असते. ती खरंच विचारत होती. शर्ट चुकला, चपला चुकल्या, तोवर ती स्वतः चुकलेली नव्हती. माझ्या बोलण्यावरच ही बाई उभी होती, आणि मी बसले कोट निर्दोष शिवत. एखादं बटण तरी वाकडं लावायचं.

मी टेप उचलली, तिचा हात ओढला आणि मनगटाशी उगाच बराच वेळ मोजत राहिले. मग जे कुणा गिऱ्हाइकापुढे जन्मात कबूल केलं नसतं, ते बोलले.

"बाही अर्धा इंच लांब झाली गं. माझीच चूक. त्यांच्या डोळ्यांत खुपली असणार."

तिनं हात लांब करून बघितलं. बाही जिथे संपायला हवी तिथेच संपत होती.

"राहू द्या, आई," ती म्हणाली. "बाही बरोबर आहे."

कोट काढून तिनं माझ्या मशीनवर ठेवला आणि पोरांना शाळेतून आणायला गेली.

गुरुवारी तिला आणखी एका ठिकाणी बोलावणं होतं, सकाळी दहाला. नऊ वाजता ती चादरी भिजवत होती, दहा वाजता पिळत होती. मी तिला घड्याळ दाखवलं नाही.