शालीखालचे हात

"दे ना पोट्टी त्याच्या हातात! काहून धरून राहिली?" सासूबाई मागून म्हणाल्या.

पुरानी बस्तीतल्या देवीच्या गाभाऱ्यासमोर आम्ही उभे होतो आणि नवरात्रातली अख्खी रांग आमच्या पाठीवर रेलली होती. मी गंधालीला छातीशी घट्ट धरलं होतं. समोर शेखर, माझा नवरा, दोन्ही हात पसरून. पसरलेले हात कोपरापासून थरथरत होते. गंधाली दोन वर्षांची, अंगाने भरलेली, त्यात गर्दीने बिचकलेली.

नवस सासूबाईंचा. उन्हाळ्यात न्यूमोनियाने शेखरची दोन्ही फुफ्फुसं निकामी व्हायला आली, घशात नळी घालून त्यांना मशीनवर ठेवलं, तेव्हा आयसीयूच्या दाराशी पदर पसरून त्या म्हणाल्या होत्या, "माह्या पोराले सोडव, माय. तोच आपल्या हातानं पोट्टी तुह्या पायावर घालंल." तेव्हा हातांचा विचार कोण करतं? आम्हाला सगळ्यांना फक्त श्वास हवा होता.

श्वास मिळाला. मशीन निघालं. आणि मग कळलं, शेखरना उशीवरून मान उचलता येत नाही.

"फेफड़े अब ठीक हैं," डॉक्टर म्हणाले. मग पुढचं सांगितलं. इतक्या जबर आजारात, इतकं पडून राहिल्यावर, नसा आणि स्नायूही मार खातात. भरून यायला महिने लागतात, कधी वर्षं. काहींचं थोडं राहूनच जातं. मी सगळं ऐकलं. घरच्यांनी पहिलं वाक्य ऐकलं.

बूढापाऱ्यातल्या आमच्या घरी जो कोणी भेटायला येई त्याला तेच सांगितलं जाई, फेफडे ठीक आहेत. शेखर भिंत धरून चालू लागले, तरी चहाचा कप हातात थरथरायचा. माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, नरहरदादा हसून म्हणायचे, "अरे, पाहुण्याच्या अंगावर सांडशील! हिम्मत कर यार. सरकारी माणसाले आरामाची आदत लागली की सुटत नाही." आमचं हे शहर हिंदी मुलखातलं; शेखर इथल्या मंत्रालयात कारकून. ऑफिस शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत, जायला कर्मचाऱ्यांची बस. त्या बसच्या उंच पायऱ्या स्वप्नात येतात, असं ते एकदा मला म्हणाले होते. दादांना कधी म्हणाले नाहीत.

व्यायाम करून घ्यायला सोनियादीदी यायच्या. त्यांनी मला बजावलं होतं, "भाभी, अभी गिलास, फिर लोटा. बच्ची बहुत बाद में." मी सासूबाईंना म्हटलं, नवस पुढच्या वर्षी फेडू.

"देवीले थांब म्हणू मी? तुले देवीपेक्षा त्या दीदीचं जास्त खरं वाटते?"

म्हणून आम्ही इथे उभे होतो.

"क्षमा," शेखर ओठांतल्या ओठांत म्हणाले, "खालून धर."

त्यांच्या खांद्यावर शाल होती. तिचं टोक मी ओढून घेतलं, गंधालीला त्यांच्या हातांवर ठेवलं आणि शालीखाली माझे हात तसेच राहू दिले. सगळं वजन माझ्या मनगटांवर. मध्ये त्यांचे हात, ओल्या कपड्यासारखे. असे आम्ही दोघं एकमेकांना चिकटून वाकलो. पुजाऱ्याने गंधालीला कुंकू लावलं. नरहरदादांनी मोबाइलवर फोटो काढला. मागे सासूबाई हुंदके देत होत्या.

सरळ होताच शेखर म्हणाले, चांगलं ऐकू येईल असं, "आई, मी नाही धरलं. क्षमानं धरलं होतं."

सासूबाईंनी डोळे पुसले. "गप्प बैस. देवीसमोर असं बोलत नसतेत. म्या पाह्यलं ना माह्या डोळ्यानं."

"अगं आई, खरंच..."

"हव, हव," नरहरदादांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. शेखर त्या थापेनेच पुढे गेले, मी दंड पकडला. "चल, नारळ फोडू. आता नाटकं बंद, भाऊ."

दुपारी पेढे वाटले गेले. फोटो नागपूरच्या नातेवाइकांपर्यंत पोचला. संध्याकाळी दादांनी सोनियादीदींना फोन केला, "अब जरूरत नहीं है दीदी, बच्ची उठा ली उसने." मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना सांगितलं, शाल दाखवून, हात कुठे होते ते दाखवून. त्या पोळी लाटत राहिल्या.

"म्हणजे नवस फिटला नाही म्हणतेस?" लाटणं थांबलं. "पाह्य ना, पोट्टीले कुंकू लागलं आहे. आता फिटला नाही म्हणशील तर कोणावर येईल?"

मी एम.ए. झाले आहे. तरी मी दारात खेळणाऱ्या गंधालीच्या कपाळाकडे पाहिलं आणि शालीची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनीच ऑफिसला जायला शेखरचा इस्त्रीचा शर्ट काढून दिला. बटण बोटांच्या चिमटीत यायचं, काजापर्यंत जायचं आणि निसटायचं. पुन्हा. पुन्हा.

"काल एवढी पोट्टी उचलली," सासूबाई दारातून म्हणाल्या, "आज बटण नाही लागत?"

मी पुढे झाले, शेखरनी मान हलवली. नको. शर्ट उघडाच ठेवून ते पलंगावर बसले. चौकातून बस निघून गेली असावी. दादांचा चढलेला आवाज अंगणात फोनवर कोणाला तरी काही सांगत होता.

गंधाली अर्धवट घातलेल्या फ्रॉकने आली आणि बाबांच्या गुडघ्यांमध्ये उभी राहिली. फ्रॉकला पुढे गळ्याशी एकच बटण, लाल, रुपयाएवढं. शेखरनी ते धरलं. ही पोरगी वेणी घालतानाही क्षणभर टिकत नाही. आज हनुवटी वर करून उभी राहिली. मी दाराची चौकट धरली होती.

बटण काजाला लागायचं आणि सुटायचं. त्यांच्या कपाळावर घाम आला. मग हात आपोआप मांडीवर पडले.

गंधालीने मान खाली घालून उघड्या गळ्याकडे पाहिलं. मग बाबांकडे.

"झालं," ती म्हणाली, आणि तशीच खेळायला गेली.